क्रॉनच्या हवाली करण्याआधी

हाताने दहा वेळा चालवली, दहाही वेळा नीट चालली, तरी ती स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून, चालेलच असं नाही. लॉगिन केल्यावर तुम्हाला जे एन्व्हायर्नमेंट मिळतं ते क्रॉनला मिळत नाही. डेबियन या लिनक्सवर त्याच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, जेमतेम दोन डिरेक्टऱ्या, आणि कमांड चालवणारा शेल बॅश नव्हे, साधा एसएच. तेव्हा कमांडचे पाथ पूर्ण लिहा आणि चाचणी कोरं एन्व्हायर्नमेंट देणारं ‘एन्व्ह -आय’ लावून, एसएचमधूनच घ्या.

मग सर्व्हरचं घड्याळ. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतो. आपले पहाटेचे 2:30 म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे 21:00, म्हणून रविवार पहाटेचं काम शनिवारच्या नावावर टाकावं लागतं. एवढं जमतं. पण 1 तारखेच्या पहाटेचं काम तिथे आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला पडतं, आणि ती कधी 28, कधी 30, कधी 31. ‘महिनाअखेर’ असा रकाना क्रॉनमध्ये नाही. अशा कामाला आपल्या सकाळी 5:30 नंतरची वेळ द्या, तोवर तिथेही 1 तारीख लागलेली असते. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने मात्र एकदम भरू नका: क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही, एक जुळलं तरी सुटतो.

बॅकअपच्या फाइलच्या नावात तारीख हवी असेल तर ती स्क्रिप्टच्या आत घाला. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत नुसतं टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉनच्या लेखी कमांड तिथेच संपते. माझा आठवडाभराचा बॅकअप या एका चिन्हापायी गेला आणि मला पत्ताही लागला नाही, कारण एरर मेल करायला सर्व्हरवर मेलची सोयच नव्हती. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगफाइलमध्ये वळवा, ती फुगत जाऊ नये म्हणून लॉगरोटेट लावा.

जुन्या फाइली पुसणारी ‘फाइंड’ची ओळ असेल तर पहिल्या रात्री ‘डिलीट’च्या जागी ‘प्रिंट’ ठेवा आणि सकाळी यादी डोळ्यांखालून घाला. एक फेरी लांबली तर दुसरी तिच्यावर चढू नये म्हणून स्क्रिप्टला एफलॉकचं कुलूप लावा. क्रॉन-डेलीच्या, म्हणजे रोज चालायच्या स्क्रिप्टांच्या, फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाकणार असाल तर नावातलं ‘डॉट एसएच’ काढा. डेबियन अशी ठिपकेवाली नावं गुपचूप वगळतं.

आणि क्रॉनटॅबला हात लावण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा. ‘क्रॉनटॅब’ कमांडला ‘-ई’ दिलं की तो एडिटरमध्ये उघडतो, ‘-आर’ दिलं की न विचारता सगळाच्या सगळा पुसला जातो. कीबोर्डवर ही दोन बटणं शेजारीशेजारी आहेत.