पंचगंगा-कृष्णेचा पूर कसा वाचायचा: फूट, क्युसेक, फुगवटा आणि ढासळणारा काठ

जुलै लागला की आपल्याकडं प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे इतके दरवाजे उघडले. मेसेज सगळे फॉरवर्ड करतात, पण त्यातनं आपल्या घरापुरतं काय समजायचं हे फार कमी जणांना नीट माहीत असतं. म्हणून सविस्तर लिहितोय. कोल्हापूर, करवीर, हातकणंगले, शिरोळ आणि सांगलीकडच्या नदीकाठच्या लोकांना जास्त उपयोगी पडेल, पण रीत बाकी नद्यांनाही लागू आहे.

पहिलं काम पावसाळ्याआधीचं, ते म्हणजे आपल्या घराचा आकडा काढून ठेवायचा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे आकडे सगळ्या शहराला धरून आहेत, तुमच्या उंबऱ्याला नाहीत. कुणाच्या दारात ४० ला पाणी येतं तर कुणाचं ५० झाले तरी कोरडं असतं. त्यामुळं गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा की २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं आणि त्या दिवशी बंधाऱ्यावर किती फूट होतं. २०१९ ला राजारामवर ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर, आणि आयर्विनला २०१९ मध्ये ५७ च्या वर. त्यावरनं उलटा हिशोब करता येतो, भिंतीवरची २०१९ ची खूण उंबऱ्यापासून चार फूट वर असेल तर राजारामवर साधारण ५१ ला पाणी तुमच्या उंबऱ्याला लागणार. अगदी इंचाइंचाला जुळणार नाही, कारण बंधाऱ्यापासनं तुम्ही वर आहात की खाली त्यावर फरक पडतो, पण निर्णय घ्यायला एवढं पुरतं. भिंतीवर ऑइल पेंटनं रेघ मारून वर्ष लिहून ठेवा. आणि हो, राजारामचे ४५ आणि आयर्विनचे ४५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन्हीकडं शून्य वेगवेगळ्या उंचीवर आहे, तरी लोक दरवर्षी तुलना करत बसतात.

घराबरोबर रस्त्याचाही आकडा काढा, तो बहुतेक वेळा घराच्या आधीचा असतो. घर कोरडं पण बाहेर पडायला वाट नाही अशी गत २०१९ ला कितीतरी गावांची झाली, शिरोलीजवळ तर पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. गावातनं बाहेर जायचा शेवटचा रस्ता कितीला बंद होतो ते ज्याला माहीत असतं तो वेळेत जनावरं हलवतो.

आता प्रत्यक्ष पाऊस सुरू झाल्यावर. नुसती लेव्हल बघू नका, चढायचा वेग बघा. दर दोन-तीन तासांचा आकडा वहीत टाइमासकट लिहा. समजा आता ४१ आहे, तुमचा रस्ता ४५ ला बंद होतो आणि पाणी तासाला २ इंचांनी चढतंय, तर ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे कागदावर २४ तास हातात आहेत. मी सांगेन की त्यातले निम्मेच धरा, कारण वेग रात्रीत बदलतो आणि रात्री अंधारात म्हशी सोडवून ट्रॉलीत चढवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्याला विचारा.

इथं एक गोष्ट फार जणांना फसवते. नदी पात्रात असते तोवर पटापट चढते, एका रात्रीत सात-आठ फूट. मग एकदा पात्राबाहेर पडून उसात पसरली की तेवढंच पाणी आलं तरी लेव्हल हळू चढते, कारण आता त्याला एकदम मोठी रुंदी मिळालेली असते. लोक म्हणतात पाणी थांबायला लागलं, तासाला एकच इंच आहे आता. ते थांबलेलं नसतं, ते पसरत असतं. खरंच उतार लागलाय का हे बघायचं असेल तर वरच्या बाजूचे आकडे बघा. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या सगळ्या प्रयाग चिखलीला येऊन पंचगंगा होते, तेव्हा त्या खोऱ्यांत पाऊस कमी झालाय का, वरचे को.प. (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे मोकळे व्हायला लागलेत का, यावरनं उद्याचं कळतं. काठावर पण दिसतं थोडंफार. पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा, पाणी चढत असताना कडेचा पालापाचोळा आत ढकलला जातो, उतरायला लागलं की भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर गाळाची ओली पट्टी उघडी पडते. बोटाएवढी पट्टी दिसली आणि तासाभरानं ती रुंद झाली की समजा उतार लागला.

धरणाचे आकडे वाचताना लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हा वाहण्याचा वेग झाला. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हा साठा झाला. दोन्ही जोडायचं सूत्र एकच लक्षात ठेवा, ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस चालले की १ टीएमसी होतो. म्हणजे कोयनेतनं ५०,००० क्युसेक २४ तास सोडले तर धरणातनं सव्वाचार टीएमसीच्या आसपास पाणी गेलं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. समजा धरणात ७० आहेत आणि पाऊस तुफान आहे, तर अजून ३५ टीएमसी अडवायला जागा आहे, पूर तेवढा दाबला जाईल. पण १०० भरलेत आणि आत दीड लाख क्युसेक येतायत तर धरण नसल्यासारखंच आहे, जेवढं येईल तेवढं खाली जाणार. त्यामुळं मेसेजमध्ये विसर्ग किती हे बघायच्या आधी धरण किती भरलंय आणि आत किती येतंय हे शोधा, दोन दिवसांनी काय होणार त्याचं उत्तर तिथं असतं.

राधानगरीची गोष्ट अजून वेगळी. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं ते धरण, त्याला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक पडतात. म्हणजे सातही उघडले तरी १०,००० च्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण पंचगंगेला महापूर एवढ्यानं येत नाही. तो येतो धरणाच्या खाली पडलेल्या पावसानं, ज्याला मुक्त पाणलोट म्हणतात. धरणाची भिंत आणि तुमचं गाव यांच्यामध्ये जो डोंगर आहे, जे ओढे आहेत, त्यांना अडवायला कुणी नाही. २०२१ ला जुलैच्या चौथ्या आठवड्यात पूर आला तेव्हा कोयना पूर्ण भरलेलंही नव्हतं, तरी पंचगंगेनं २०१९ ची पातळी ओलांडली. म्हणून सलग दोन-तीन दिवस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं धो धो पाऊस असेल तर दरवाजे उघडल्याच्या मेसेजची वाट बघू नका.

शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी दोन्ही नद्यांचे आकडे बघायला पाहिजेत. पंचगंगा कोल्हापूरच्या पुढं सपाटीवरनं वळणं घेत जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णेला आधीच कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळालेली असते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं, त्यालाच आपण फुगवटा म्हणतो. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्त मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की आपण भक्तिभावानं स्नानाला जातो, पण त्याच दिवशी संगमाच्या वरच्या गावांनी समजायचं की आता पुढचं दार अरुंद झालंय. अशा वेळी राजारामवर उतार लागला तरी कुरुंदवाडकडं पाणी चढत राहू शकतं, आणि उतरलं तरी दिवसेंदिवस हळू उतरतं.

कृष्णेवरच, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणावर दरवर्षी भांडण होतं. तिथली पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, आणि ती वाढवायला आपल्याकडं विरोध आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा जबाबदार नाही असं म्हटलं, ते अनेकांना पटलेलं नाही. माझं मत एवढंच की पुराच्या आठवड्यात या वादात वेळ घालवू नका, अलमट्टीत आत किती येतंय आणि बाहेर किती सोडतायत हे दोन आकडे रोज बघा. बाहेर कमी आणि आत जास्त असं सलग दिसलं तर त्याचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींकडं आकड्यांसकट करा.

वादाच्या नादात आपल्या दारातली गोष्ट मात्र सुटते, म्हणजे भराव. पूर्वी नदी पात्राबाहेर पडली की मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातनं पसरून खाली जायची. आता आडवे रस्ते भराव घालून उंच केलेत, पुलाला कमानी कमी आणि दोन्ही बाजूला मातीचा बांध जास्त, उसाच्या रानात मुरूम टाकून प्लॉट पाडलेत. तेवढंच पाणी आता जास्त उंचीनं जातं. तुमच्या गावात हे होतंय का हे पुरातच बघून ठेवा, रस्त्याच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला पाण्याची उंची मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, टाइम दिसेल असा. फूटभराचा फरक दिसला की मोऱ्या वाढवायची मागणी करायला तो फोटो पुराव्याला लागतो.

प्लॉट घेताना पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी-लाल मधला भाग नियंत्रित. २५ वर्षांतनं एकदा याचा अर्थ आत्ता येऊन गेला म्हणजे २५ वर्षं सुट्टी असा नाही, दर वर्षी ४ टक्के शक्यता. २० वर्षांचं होम लोन घेतलंत तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात यायची शक्यता निम्म्याहून जास्त होते. एजंट काहीही सांगू दे, उन्हाळ्यात जाऊन आजूबाजूच्या बाभळींवर बघा. फांद्यांत अडकलेलं प्लास्टिक, उसाचा वाळका पाला, चिंध्या जिथंवर दिसतील तिथंवर पाणी आलेलं असतं, आणि ते कुणाला पुसता येत नाही.

पाणी उतरल्यावरची गडबड सगळ्यात धोक्याची. पाणी झपाट्यानं उतरतं तेव्हा काठाची माती आतनं पाण्यानं भरून जड झालेली असते आणि तिला बाहेरनं टेकू देणारं पुराचं पाणी निघून गेलेलं असतं, मग काठ ढासळतो, कधी कधी पूर येऊन गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मोटर बघायला म्हणून लगेच काठावर जाऊ नका. काठाला समांतर भेग दिसली, भले बोटभर रुंद असो, तर तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवायचा नाही आणि जनावरंही बांधायची नाहीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला हे जास्त होतं, नदी तिथं खाते आणि आतल्या बाजूला वाळू-गाळ टाकते. तुमचं रान बाहेरच्या वळणावर असेल तर काठापासनं दहा-दहा फुटांवर तीन खुंट्या मारा आणि दर दिवाळीला अंतर मोजा, किती जातंय ते कळेल. काठावरची करंज, वाळुंज, शेरणी तोडू नका, त्यांच्या मुळांनी जेवढी माती धरलेली असते तेवढी दगडी पिचिंगला पण सगळीकडं जमत नाही.

वाळूचं पण बघा. वरच्या धरणांत गाळ-वाळू अडते, खाली येणारी आधीच कमी झालीय, त्यात उपसा झाला की तळ खाली जातो, मग काठ उंच आणि उभा होतो नि अजून ढासळतो, जवळच्या विहिरींचं पाणी खोल जातं, आणि पुलाचे पाये उघडे पडतात. एप्रिलमध्ये पुलाखाली जाऊन बघा, पायाच्या काँक्रीटवर जुनी पाण्याची-मातीची रेघ असते, त्याखाली नवं कोरं काँक्रीट दिसत असेल तर तिथला तळ खाली गेलाय. फोटो काढून ग्रामपंचायतीला आणि बांधकाम विभागाला लेखी द्या, पोच घ्या.

आणि पुरात अडकलात तर बोटीची वाट बघायची वेळ येऊ देऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, त्यात बायका-पोरं गेली. बोटीत बसायचंच झालं तर लाइफ जॅकेट आणि माणसांची संख्या यावर अडून बसा, भले दुसऱ्या फेरीला थांबावं लागलं तरी चालेल. गावात निर्णय घेताना आजारी, म्हातारी, गरोदर बाई आणि जनावरं इशारा पातळीलाच हलवा, बाकीच्यांनी आपल्या रस्त्याच्या आकड्याच्या दोन फूट आधी निघा.