पोलीस स्थानकाशी ओळख: तक्रारीच्या आधी

स्थानकात पहिल्यांदा जायचं ते तक्रार घेऊन नव्हे. ईद किंवा फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी (त्यात एक बाई हवीच) निरीक्षकांना भेटावं. मिरवणुकीचा रस्ता, वेळ, स्वयंसेवकांचे फोन लेखी द्यावेत, प्रतीवर पोच घ्यावी. खास सवलत नसेल तर लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. यावर हुज्जत नको.

घोडं अडतं ते बदलीपाशी: साहेब जातात, ओळखही जाते. म्हणून बीटच्या (आपल्या भागाची गस्त असलेल्या) हवालदाराशी बोलणं ठेवा, नवे साहेब आले की त्याच आठवड्यात भेटा.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) नोंदवायला नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. पावती जपा.