दुपारी विरलेला धूर

उपग्रहाच्या चित्रांत धूर आणि धूळ ओळखणं हे माझं काम. पहिल्याच महिन्यात मी नोंदवहीत लिहिलं होतं, 'दुपारपर्यंत धूर बराच विरला.' संध्याकाळी तोच लोट पुन्हा स्क्रीनवर हजर, सकाळपेक्षाही दाट. माझ्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "सूर्य कुठे होता ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. धुराचे कण बारीक असतात आणि प्रकाश मागे परतवण्यापेक्षा पुढेच जास्त उधळतात. सूर्य एका बाजूला, उपग्रह दुसऱ्या बाजूला आणि धूर मध्ये अशी जुळणी झाली की लोट उजळतो. सूर्य वर चढला की तेवढाच धूर फिका दिसतो. अंधाऱ्या खोलीत कवडसा तिरपा आला की हवेतले कण दिसतात ना, तसंच. तेव्हापासून 'धूर कमी झाला' असं लिहिण्याआधी मी थांबते.

या कामात नवीन असाल तर एकाच चित्रावरून काही ठरवू नका, लूप चालवा, म्हणजे ओळीने घेतलेली चित्रं चित्रफितीसारखी फिरवून बघा. जपानचे हिमावारी आणि अमेरिकेचे गोज-आर मालिकेतले हवामान उपग्रह पृथ्वीची समोरची पूर्ण बाजू दर दहा मिनिटांनी टिपतात, तेही सोळा चॅनेलांत, म्हणजे प्रकाशाच्या सोळा वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पट्ट्यांत. तीन-चार तासांचा लूप लावला की ढग जागच्या जागी फुगताना आणि विरताना दिसतात. धूर मात्र एका टोकाला बांधलेल्या दोऱ्यासारखा लांबत जातो. ते बांधलेलं टोक शोधायचं. ३.९ मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये तिथे एखादा तापलेला पिक्सेल सापडतो. नाही सापडला म्हणजे आग नाही, असं समजू नका. वर ढग असेल, किंवा आग धुमसत असेल. अशा वेळी ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाची ३७५ मीटरच्या पिक्सेलची बारीक नजर उपयोगी पडते, पण तो उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबावं लागतं.

पांढुरका डाग ढग आहे की धूर? मी रोज वापरते ती युक्ती अशी: ०.४७ मायक्रॉनच्या निळ्या चॅनेलमध्ये दिसणारा डाग २.२ मायक्रॉनला गायब झाला, तर बहुधा धूर. पाण्याचा ढग तिथेही टिकतो.

धुळीचं प्रकरण वेगळं. समुद्रावर ती सहज दिसते. जून २०२० मध्ये सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियनपर्यंत गेली, ती कुणालाही ओळखू आली असती. पण वाळवंटावरून उडणारी धूळ जमिनीच्याच रंगाची, ती कशी दिसणार? तिथे डस्ट आरजीबी लागतं, म्हणजे अवरक्त चॅनेलांना लाल, हिरवा, निळा रंग देऊन बनवलेलं चित्र. बर्फकणांचे पातळ ढग १०.८ मायक्रॉनपेक्षा १२ मायक्रॉनला किरण जास्त शोषतात. खनिज धुळीचं नेमकं उलट. या फरकाला लाल रंग दिला की धूळ गुलाबी उमटते. हे सगळं अवरक्त असल्यामुळे रात्रीही चालतं. मात्र जमिनीलगतची धूळ जवळपास जमिनीइतकीच उबदार असते, त्यामुळे फरक पुसट होतो आणि रात्री गुलाबीचा जांभळाकडे कल जातो. नवख्यांना ती इथेच निसटते. मलाही निसटली आहे.

आणखी एक खड्डा. चित्रात धूर दिसतो, उंची दिसत नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कमध्ये रस्त्यापर्यंत उतरला आणि आकाश नारिंगी झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथलाच धूर पश्चिम युरोपवर पोहोचला, पण बराचसा उंचावरूनच गेला. वरून पाहिलं तर दोन्ही लोटच. म्हणून जमिनीवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे पाहिल्याशिवाय 'हवा वाईट' हे शब्द लिहायचे नाहीत. लायडारवाले, म्हणजे खाली लेझर सोडून मोजणारे उपग्रह उंची सांगतात, पण फक्त आपल्या मार्गाखालच्या अरुंद रेषेवरची.

सरावासाठी नासाचं वर्ल्डव्ह्यू हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा, फुकट आहे. ७ जून २०२३ ही तारीख टाका. आगीच्या ठिपक्यांचा थर आधी लावू नका. तारखा एकेक दिवस मागे सरकवत धुराचं मूळ शोधा, तिथे बोट ठेवा आणि मग थर चालू करा. मी पहिल्यांदा बोट ठेवलं होतं ते एका ढगावर.