शिंकलं की लघवी व्हायची, आधी बसणं सुधारलं

दुसऱ्या डिलिव्हरीनंतर खोकलं, शिंकलं की थोडी लघवी व्हायचीच, सासूबाई म्हणाल्या बाळंतपणानंतर होतंच असं, म्हणून २ वर्षं पॅड लावून काढली. केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करत होते पण सोफ्यावर पोक काढून, श्वास रोखून, मांड्याच आवळत होते!! फिजिओ मॅडमनी आधी बसणं बदललं, ढुंगणाच्या दोन्ही हाडांवर सारखं वजन, कंबरेचा नैसर्गिक बाक तसाच ठेवायचा, कारण पोक काढून बसलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नीट काम करत नाहीत. मग गॅस अडवतो तसं आत-वर खेचायचं, ८ वेळा, दिवसातून ३दा, मध्ये पूर्ण सैल सोडायचं (हे फार महत्त्वाचं). शिंक येतेय वाटलं की आधीच आवळायचं. ३ महिन्यांनी पॅड सुटलं, दोरीउड्या मारताना मात्र अजून कधीतरी होतं.