‘माझा चान्स किती?’ विचारण्याआधी घरचं बजेट विचारा

दहावीला ९७ टक्के, एसएटीला (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) १५४०, रोबोटिक्सची टीम, कथकच्या परीक्षा आणि शेवटी प्रश्न: ‘ताई, स्टॅनफर्ड, कोलंबियाला माझा चान्स किती?’ अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जांचा मोसम आला की असे मेसेज सुरू होतात. मी उलट एवढंच विचारते, की वर्षाला घरून किती पैसे निघतील? बहुतेक जण म्हणतात, ‘ते नंतर बघू.’

ते नंतर बघता येत नाही. म्हणून एसे, म्हणजे अर्जातला निबंध, कसा लिहावा वगैरे बाजूला ठेवून मी मुख्यतः पैशांबद्दल लिहिणार आहे.

आधी तो टक्क्यांचा आकडा. हार्वर्डच्या २०२८ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे साधारण ३.६ टक्के. हा आकडा तुमचा नाही. त्यात खेळाडू म्हणून हेरून घेतलेली मुलं आहेत, माजी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची मुलं आहेत, देणगीदारांच्या ओळखीतली आहेत. हार्वर्डवर चाललेल्या खटल्यात हे सगळं उघड झालं. एमआयटी परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते, आणि त्यांचं प्रवेशाचं प्रमाण एकूण प्रमाणाच्या निम्म्याहून कमी असतं. तिथे फीसाठी आर्थिक मदत मागितल्याचा तोटा होत नाही, तरीही ही अवस्था. त्यामुळे एसएटीचा स्कोअर टाकून टक्केवारी सांगणारी कॅल्क्युलेटर्स बंद करा. त्यांना तुमचा पासपोर्टही माहीत नसतो आणि वडिलांचा पगारही.

आता खरा सापळा. मी यातच अडकले, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

कॉलेज ‘नीड-ब्लाइंड’ असेल तर तुम्हाला मदत लागणार आहे की नाही, हे न बघता प्रवेशाचा निर्णय होतो. ‘नीड-अवेअर’ असेल तर ते बघितलं जातं. अनेक कॉलेजांच्या साइटवर ‘आम्ही नीड-ब्लाइंड आहोत’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘अमेरिकन नागरिक व कायम रहिवाशांसाठी’. ती ओळ वाचा. परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड असणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, अलीकडे ब्राउन आणि आणखी एखाद-दोन. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक आपल्यासाठी नीड-अवेअर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस आणि कार्नेगी मेलन परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देतच नाहीत.

कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना एकाच जागी अर्ज करायचा ऑनलाइन फॉर्म) कॉलेजांच्या प्रश्नांत एक साधा प्रश्न असतो: आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार का? हो किंवा नाही. आमच्या काउन्सेलरने छातीठोकपणे सांगितलं, ‘नाही कर. आधी आत तर शिर, मग मागू.’ हा सल्ला पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. नीड-अवेअर ठिकाणी ‘हो’ म्हटल्यावर चाळणी खरंच बारीक होते. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही: बऱ्याच कॉलेजांत अर्जाच्या वेळी ज्या परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली नाही, त्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. स्टॅनफर्डने हे स्वच्छ लिहून ठेवलंय. अमेरिकन मुलांना मात्र दरवर्षी नव्याने अर्ज करता येतो. त्यामुळे त्यांच्या व्हिडिओंतलं ‘पुढच्या वर्षी मागा’ त्यांच्यापुरतं बरोबर असतं. आपले काउन्सेलर तेच उचलून आपल्याला विकतात.

मी काउन्सेलरचं ऐकून ‘नाही’ केलं होतं. मार्च अखेरीस मला प्रवेशाचं पत्र आलं. घरात पेढे वाटून झाले. मग मदतीसाठी मेल केला, तर उत्तर दोन ओळींचं: धोरणानुसार शक्य नाही. अशा खासगी विद्यापीठांचा एकूण खर्च आता वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे पाऊण कोटीच्या घरात, आणि असं चार वर्षं. बाबा म्हणाले, ‘फ्लॅट विकू.’ मी नको म्हटलं. ती जागा सोडली, पुढच्या वर्षी सगळीकडे ‘हो’ करून पुन्हा अर्ज केले आणि एका छोट्या कॉलेजात भरपूर मदत घेऊन आले.

अर्ली डिसिजनला तर ‘नाही’ करायच्या आधी दहादा विचार करा. हा एकाच कॉलेजाला लवकर करायचा अर्ज, आणि तो करार बांधील असतो: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. मदत अपुरी पडली म्हणून त्यातून सुटता येतं, पण मदत मागितलीच नसेल तर अपुरी पडली म्हणणार कशाच्या जोरावर?

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. ‘हो’ म्हणजे दार बंद असं नाही. बरीच नीड-अवेअर कॉलेजं मदत मागणाऱ्याला घेतात तेव्हा त्यांच्या हिशेबाने लागेल तेवढी पूर्ण मदत देतात. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर यांसारखी छोटी कॉलेजं परदेशी मुलांवर चांगला पैसा खर्च करतात. आत्या, काका ‘हे कुठलं गं कॉलेज?’ म्हणतील. म्हणू देत, फी ते भरणार नाहीयेत. आणि घरून वर्षाला थोडीफार रक्कम देता येत असेल तर यादी बरीच मोकळी होते, कारण पूर्ण मदत मागणारा आणि निम्मी मागणारा यांच्यात कॉलेज फरक करतं. म्हणून आधी घरी बसून आकडा ठरवायचा, यादी त्यावरून करायची.

काउन्सेलर लावायचाच असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, ‘या यादीतली कुठली कॉलेजं भारतीय पासपोर्टवाल्यासाठी नीड-अवेअर आहेत?’ तो चाचपडला तर चहा पिऊन निघा. पैसे भरून छापलेला ‘रिसर्च पेपर’ आणि अकरावीच्या सुट्टीत उगवलेली एनजीओ यांवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये १० उपक्रमांना जागा असते, प्रत्येकाला १५० अक्षरं. तेवढ्यातही खोटं वाजतं. आजीच्या आजारपणात घर सांभाळलं असेल तर ते लिहा, तोही उपक्रमच आहे.

बाकीचं भराभर. एसएटी ‘ऐच्छिक’ आहे या जुन्या माहितीवर राहू नका. एमआयटीने २०२२ मध्ये, हार्वर्ड आणि डार्टमथने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. टक्क्यांचं जीपीएत (अमेरिकन पद्धतीची ग्रेडची सरासरी) रूपांतर करू नका, मार्कशीटवर जसं आहे तसंच लिहा. आपल्याकडे दहावीपर्यंत शाळा आणि पुढे ज्युनिअर कॉलेज, त्यामुळे नववी ते बारावीच्या गुणपत्रकांसाठी दोन ऑफिसांच्या खेपा होतात. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या उरका. क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजात नुसतं नाव असेल तर तुम्हाला ओळखणारा शिक्षकच नसतो, आणि शिफारसपत्र तर शिक्षकाचंच लागतं. अकरावीतच एखाद्या सरांना, मॅडमना नीट भेटा.

‘हो’ केल्यावर बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. त्यात फॉर्म १६, रिटर्न, फ्लॅटची किंमत, गावाकडची जमीन सगळं येतं. बाबांना हे डिसेंबरच्या शेवटी सांगू नका, सातबारा शोधायलाच आठवडा जातो.

आणि अर्ज पाठवून झालाय, ‘नाही’वर खूण आहे, निर्णय अजून आलेला नाही, असं असेल तर आजच अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करा. मदतीच्या अर्जाची मुदत उलटलेली नसेल तर बदल करता येईल का, एवढंच विचारा. गोष्ट सांगत बसू नका. काउन्सेलरला विचारायचीही गरज नाही.