कापसाच्या हंगामाआधी जुन्या गाडीचे ब्रेक लाइट: तयारीची यादी

दसरा झाला की पऱ्हाटी फुटते आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरची रहदारी बदलते. हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगकडे भरलेल्या ट्रॉल्या निघतात, वावरातून फाट्यापर्यंत बिनलाइटच्या बैलबंड्या असतात आणि अंधार लवकर पडतो. कापसाने लादलेली ट्रॉली जागेवर थांबत नाही. तिच्या पुढे तुमची पंधरा-वीस वर्षांची मारुती असेल आणि तिचे ब्रेक लाइट बंद असतील, तर तुम्ही थांबताय हे मागच्याला कळतं ते फार उशिरा. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आत या कामाला एक दुपार काढा.

सामान आणायच्या आधी बिघाड नीट पाहून घ्या, म्हणजे तालुक्याला दोनदा जावं लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे वीट ठेवा, इंजिन बंद ठेवून चावी मात्र चालू करा, कारण काही गाड्यांत चावीशिवाय ब्रेक लाइट लागत नाहीत. पॅडल दाबायला कोणी नसेल तर सीट आणि पॅडलच्या मध्ये एक काठी अडकवा. आता मागे जाऊन बघा आणि दिसेल ते कागदावर लिहा. एकच लाइट बंद असेल तर दोष बहुतेक त्याच बाजूच्या बल्बात, होल्डरात किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे लाइटची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तिथे. सगळेच बंद असतील तर फ्यूज किंवा पॅडलजवळचा ब्रेक स्विच. पाय काढल्यावरही लागलेलेच राहत असतील तर स्विच किंवा तो पॅडलवर जिथे टेकतो ती टिकली. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणत असेल किंवा मागचा पार्किंग लाइट मंदावत असेल, तर अर्थिंग खराब आहे असं धरून चला. मी या निरीक्षणाला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. न बघता नवीन स्विच बसवून घेणाऱ्यांचे पैसे जातात आणि लाइट बंदच राहतो.

सामान फार नाही. स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दहा आणि बारा नंबरचे पाने, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, हातभर वायर, इन्सुलेशन टेप, थोडी पेट्रोलियम जेली आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट येतो का हे दाखवणारा दिवा. टेस्ट लॅम्प घरीही होतो: बारा व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडल्या की झालं. बल्ब घेताना जुना सोबत न्या. मागच्या लाइटमध्ये बऱ्याचदा ब्रेक आणि पार्किंग मिळून एकच बल्ब असतो, 21/5 वॅटचा, आत दोन फिलामेंट. त्याच्या बाजूच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात. नुसत्या 21 वॅटच्या एका फिलामेंटवाल्याच्या पिना सारख्या उंचीवर असतात. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पितळी बुडावर 12 व्होल्ट लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. जिथे ट्रकचं सामानही मिळतं तिथे 24 व्होल्टचा बल्ब हातात येऊ शकतो, तो आपल्या गाडीत लागेल पण अगदी मंद. दोन बल्ब जास्तीचे घ्या, दोन फ्यूजही.

सुरुवात बल्बापासून. दोन फिलामेंटपैकी जाड तुटलं की पार्किंग लागतो, ब्रेक लागत नाही, आणि मालकाला वाटतं की बल्ब तर चांगला आहे. नवा बल्ब जोर लावून उलटा बसवू नका. तसं झालं तर फिलामेंटांची अदलाबदल होते, ब्रेकला मंद उजेड आणि पार्किंगला भगभगीत.

बल्ब ठीक असेल तर होल्डर बघा. पावसाळाभर काचेच्या फुटक्या रबरातून पाणी झिरपलेलं असतं, त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ बसते, आणि आतल्या पितळी पत्तीवर हिरवट थर चढतो. टूथब्रश, मग पॉलिश पेपर. पत्ती दबून गेली असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पत्ती हलकेच वर उचला आणि वायर परत जोडा. मग अर्थिंग. होल्डरकडून आलेली, बहुतेक गाड्यांत काळी असलेली वायर बॉडीला कुठेतरी स्क्रूने आवळलेली सापडेल. खात्री करायची तर हातभर वायरीचं एक टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरं रंग खरवडलेल्या पत्र्याला लावा. लाइट उजळला तर दोष तिथेच. स्क्रू काढा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईस्तोवर घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. जुन्या गाड्यांत हे एवढं केल्याने पुष्कळ वेळा काम फत्ते होतं, आणि यात एक रुपयाही जात नाही.

फ्यूजचा नकाशा डब्याच्या झाकणावर असतो. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, म्हणून हॉर्नही गप्प असेल तर आधी फ्यूजच काढा. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. 21 वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, तेव्हा फ्यूज उगाच उडत नाही. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागते आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीच घालू नका. फ्यूज उडायच्या ऐवजी वायरिंग पेटते.

आता स्विच. ब्रेक पॅडलच्या दांडीच्या वरच्या बाजूला, वाकून मान वळवल्याशिवाय दिसत नाही. पॅडल सुटलेलं असताना स्विचची दांडी दबलेली असते, पॅडल खाली गेलं की ती मोकळी होते आणि लाइट लागतो. दोन वायरींचा साधा स्विच असेल तर प्लग काढून त्याच्या दोन टोकांना वायरीचा तुकडा लावून बघा. लाइट लागले तर स्विच गेला. प्लगमध्ये जास्त वायरी असतील तर हे करू नका, ते वायरमनचं काम. स्विचची दांडी जिथे टेकते तिथे पॅडलवर बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकची किंवा रबराची छोटी बटणासारखी टिकली असते. आपल्या उन्हाळ्यात ती कडक होऊन चुरते, स्विच कायम मोकळा राहतो, लाइट रात्रभर जळतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. पायाशी प्लास्टिकचा चुरा दिसला तर नवीन स्विच घ्यायच्या आधी ही टिकली बदला. फार जुन्या गाड्यांत स्विच ब्रेक ऑइलच्या पाइपवर बसवलेला असतो. तो स्वतः उघडू नका. तो काढला की पाइपात हवा शिरते, आणि मग लाइटचं सोडा, ब्रेकच लागत नाही.

एवढ्यावरही लाइट लागला नाही तर वायर तुटली आहे. गाडी कोठ्यात किंवा कापूस-तुरीच्या गंजीजवळ लावत असाल तर आधी उंदरांनी कुरतडलेली जागा शोधा: डिकीचा गालिचा उचलून, मागच्या सीटखाली. जोड नुसता टेपने गुंडाळू नका, मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो. सोल्डर करून वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा.

सगळं जोडून झालं की संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि पॅडल दाबून आरशात बघा. दोन्ही बाजूंचा लाल उजेड सारखा पडायला हवा. दुसऱ्या दिवशी खराब रस्त्यावरून एक फेरी मारून परत तपासा, कारण सैल होल्डर हादऱ्यानेच उघडा पडतो. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग जवळ आलं असेल तर ही तपासणी त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा करा.

आणि दुरुस्ती व्हायच्या आत निघावंच लागलं, तर दिवसाउजेडी निघा. वेग कमी करताना उजवा हात खिडकीबाहेर काढून, तळवा खाली ठेवून, वर-खाली हलवा. घरात नुकतंच गाडी शिकलेलं कोणी असेल तर ही खूण आजच त्यालाही दाखवून ठेवा.