थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून पुण्यातल्या गॅरेजात उभ्या राहणाऱ्या मुलांना कूलिंग सिस्टिमची आकृती काढता येते, म्हणून रेडिएटर आणि वॉटर पंप इथे समजावत बसत नाही. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या थर्मोस्टॅटबद्दल मात्र लिहिणे भाग आहे, कारण पहिल्या काही दिवसांतच कोणी तरी वस्ताद सांगतो की आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, हा वॉल (झडप) काढून टाकला तरी गाडी चालते. मीही ते खरे मानले होते आणि ते चूक का आहे हे कळायला फार वेळ लागला, कारण सांगणाऱ्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार होता. हात तयार असलेला माणूस कारणही बरोबरच सांगेल असे नसते.

थर्मोस्टॅटच्या छोट्या डबीत मेण असते. ते ठरलेल्या तापमानाला वितळून फुगते, आतली दांडी ढकलते आणि स्प्रिंग दाबून झडप उघडते. डबीवर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो. त्या अंशाला झडप उघडायला सुरुवात होते आणि पूर्ण उघडायला साधारण आणखी दहा ते पंधरा अंश लागतात. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून इंजिनातच फिरत राहते.

खरा सापळा या बायपासमध्ये आहे. अनेक इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूने आणखी एक चकती असते. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी ही खालची चकती बायपासचे तोंड बंद करत जाते, म्हणजे गरम पाण्याला रेडिएटरमधून गेल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. थर्मोस्टॅट काढला की ही चकतीही जाते, बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा मोठा हिस्सा थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरतो. अशी गाडी सकाळी शहरात तापमानाचा काटा खाली ठेवून चालते आणि साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढताना तापते. मग रेडिएटर साफ होतो, फॅन बदलला जातो, हेड उघडण्याची भाषा सुरू होते, आणि थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग रिकामे आहे हे कोणी पाहतच नाही, कारण थर्मोस्टॅट आधीच्या कोणी तरी काढलेला असतो व बिलावर त्याची नोंद नसते. वॉल काढल्यावर पाणी जोरात पळते, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असे स्पष्टीकरणही तुम्हाला ऐकायला मिळेल. ते सोडून द्या. प्रवाह वाढला की रेडिएटर एकंदर जास्तच उष्णता बाहेर टाकतो.

ज्या इंजिनात बायपासची रचना वेगळी आहे तिथे गाडी तापणार नाही, पण थंड चालेल. झडप उघडी अडकली तरी हेच होते. पुण्यात हीटर क्वचित लावला जातो, त्यामुळे हीटरमधून गार हवा येते ही तक्रार इथे जवळजवळ कोणी करत नाही. ॲव्हरेज पडले एवढेच गिऱ्हाईक सांगते. इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइल पातळ होते आणि स्कॅनरवर पी ०१२८, म्हणजे इंजिन पुरेसे तापत नाही, हा कोड येऊ शकतो. बीएस ६ डिझेल पुरेसे तापले नाही तर डीपीएफचे (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे) रिजनरेशनही, म्हणजे साठलेली काजळी जाळणेही, रखडते.

झडप बंद अडकली तर काटा चढतो आणि रेडिएटर गारच राहतो. मात्र पाणी कमी असणे, एअर लॉक किंवा पंपाचा पंखा झिजणे यांतूनही हेच दिसते, म्हणून आधी ते तपासा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे कॅप कधीही उघडू नका. दाबाखालचे पाणी शंभराच्या वर गेलेले असते आणि कॅप फिरवताच उकळी थेट तोंडावर येते.

बहुतेक गाड्यांत बदलण्याचे ठरलेले किलोमीटर नसतात. गाडी एकदा जबर तापली असेल किंवा वॉटर पंपाच्या कामासाठी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) काढलेच असेल, तर नवा बसवून टाकावा असे माझे मत आहे. नाना पेठेत घ्यायला जाताना जुना सोबत न्या, कारण आकडा, व्यास आणि खालची चकती तिन्ही जुळायला हवे. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच लावा, हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा आणि कूलंट सावकाश भरून हवा पूर्ण काढा.

नवा थर्मोस्टॅटही बसवण्याआधी पातेल्यात तपासावा. दोऱ्याने असा टांगा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि झडप कधी हलते ते पाहा. इथे नवखे घाबरतात: समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे ८८चा थर्मोस्टॅट उघड्या पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसेलच असे नाही. तो ८८च्या आसपास उघडू लागला आणि गार होताच घट्ट मिटला, तर माल चांगला आहे; दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. वायर जोडलेला इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट मात्र पातेल्यात टाकू नका, त्यातले काही १००च्या वरच उघडतात आणि ते स्कॅनरवरच पाहावे लागतात.